पोटाच्या कॅन्सरचा रुग्ण घरी असताना : त्रास कसा मोजायचा, कसा कमी करायचा

अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मोठं आतडं, गुदाशय. यांपैकी कुठलाही कॅन्सर पुढे गेला आणि मुंबई-नाशिकच्या डॉक्टरांनी ‘आता घरीच सांभाळा’ असं सांगितलं, की रुग्ण चोपडा, शिरपूर, शहाद्याच्या किंवा धडगावकडच्या पाड्यावरच्या घरी येतो. त्यानंतरचे आठवडे किंवा महिने कसे जातील, हे बरंचसं घरच्यांवर, आशाताईंवर आणि जवळच्या डॉक्टरवर असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. औषधांचे डोस इथे दिले आहेत ते डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून. सुरू करणं, वाढवणं, बंद करणं डॉक्टरांनीच ठरवावं.

पोटाच्या कॅन्सरमध्ये एक त्रास दुसऱ्याला घेऊन येतो. दुखतं म्हणून गोळी सुरू होते, गोळीने संडास अडते, संडास अडली की मळमळ होते, मळमळीत गोळी पोटात राहत नाही आणि दुखणं परत येतं. म्हणून प्रत्येक तक्रारीला वेगळी गोळी देत बसण्याऐवजी साखळी कुठून सुरू झाली हे शोधावं लागतं. त्यासाठी रोजची नोंद लागते.

वही

शंभर पानी वही घ्या. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळच्या चहानंतर, नऊ गोष्टी विचारा: दुखणं, थकवा, गुंगी, मळमळ, भूक नसणं, दम लागणं, मन उदास असणं, काळजी-भीती आणि एकूण कसं वाटतंय. प्रत्येकाला ० ते १० गुण. ० म्हणजे त्रास नाही, १० म्हणजे सोसवणार नाही इतका. एडमंटन मोजपट्टी म्हणून ही पद्धत जगभर वापरली जाते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला दोन्ही हातांची बोटं पुरतात. ‘आज कितलं दुखस?’ असं विचारलं तर आजी बरोबर बोटं दाखवतात. सातपुड्यातल्या घरांत भिली किंवा पावरी बोलणाऱ्या घरच्या माणसानेच विचारावं. परक्या भाषेत माणूस ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो.

या नऊ गोष्टींना पोटाच्या रुग्णासाठी पाच रकाने जोडा: संडास झाली का आणि कशी, वारा सरला का, उलटी किती वेळा आणि कोणत्या रंगाची, लघवी किती वेळा, पोटाचा घेर किती. घेर आडवं झोपवून, टेप बेंबीवरून नेऊन, दर खेपेला दिवसाच्या त्याच वेळी मोजा. आठवड्यातून दोनदा पुरे.

४ किंवा जास्त गुण दोन दिवस टिकले तर नर्स किंवा डॉक्टरला कळवा. ७ च्या वर गेले तर त्याच दिवशी. आणि रुग्णाला एकट्याने विचारा. मुलगा, सून, पाहुणे भोवती असले की कर्ता माणूस दुखणं निम्म्याने कमी सांगतो.

दुखणं

कुठे आणि कसं दुखतं यावर औषध ठरतं, म्हणून वर्णन नेमकं हवं. उजव्या बरगडीखाली जड, ताणल्यासारखं दुखत असेल तर यकृत सुजून त्याचं आवरण ताणलं गेलेलं असतं. इथे डेक्सामेथासोन ४ ते ८ मिग्रॅ सकाळी दिल्याने बऱ्याचदा फरक पडतो. संध्याकाळी दिलं तर झोप उडते. पोटाच्या वरच्या भागातून थेट पाठीत जाणारं, उताणं झोपल्यावर वाढणारं आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारं दुखणं स्वादुपिंडाकडचं. अशा रुग्णाला पुढ्यात उशीचा ढीग देऊन त्यावर वाकून बसू द्या. औषध कमी पडलं तर मोठ्या रुग्णालयात नस बधिर करण्याचं इंजेक्शन मिळू शकतं, हे विचारून ठेवा. जळजळ, मुंग्या, करंट बसल्यासारखं वाटत असेल तर ते नसांचं दुखणं, त्याला रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅपासून सुरू करतात. लाटेसारखं येणारं, पिळवटून जाणारं दुखणं आतड्याचं. त्याबद्दल पुढे.

पॅरासिटामॉल चांगलं औषध आहे, पण यकृतात गाठी असलेल्या किंवा अगदी वाळलेल्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांच्या वर जाऊ नये. जठराच्या कॅन्सरमध्ये मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. त्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

मध्यम ते तीव्र दुखण्यावर खरं औषध मॉर्फिन. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरीही ते गल्लीतल्या मेडिकलवर मिळत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे मॉर्फिन आहे का विचारा, नसल्यास जिथे उपचार झाले त्या कॅन्सर रुग्णालयातून घ्या. जुनी फाईल, बायॉप्सीचा रिपोर्ट, आधार कार्ड आणि आधीची चिठ्ठी सोबत ठेवा. घरात सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की निघायचं. पावसाळ्यात अक्कलकुवा-धडगावकडचा घाट बंद पडतो, तेव्हा पंधरा दिवसांच्या उरल्या असतानाच.

साध्या मॉर्फिनचा परिणाम चार तास टिकतो. म्हणून दर चार तासांनी: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री २ ला उठवावं लागत नाही. सुरुवात बहुधा ५ मिग्रॅने होते. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल तर २.५ ने. मधेच दुखणं उसळलं तर चार तासांचा एक डोस जादा द्यायचा आणि वहीत वेळ लिहायची. दिवसात असे तीनपेक्षा जास्त जादा डोस लागले, तर रोजचा डोस कमी पडतोय असं समजून फोन करा. ‘दुखेल तेव्हा देऊ’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. दुखणं चढल्यावर ते उतरवायला कितीतरी जास्त औषध लागतं.

‘मॉर्फिन म्हणजे शेवट आला’, ‘सवय लागेल’ ही भीती घरोघर असते. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. उलट माणूस झोपतो, दोन घास खातो, नातवंडांशी बोलतो. पहिले तीन-चार दिवस गुंगी आणि मळमळ होते, मग ती ओसरते. मात्र गुंगी वाढतच गेली, हात-पाय झटके देऊ लागले, लघवी कमी झाली, तर किडनी औषध बाहेर टाकत नाहीये. पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना विचारा. हलवून जागा होत नाही, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी, ही तातडीची अवस्था आहे.

फेंटानिलची, म्हणजे कातडीतून दुखण्याचं औषध देणारी पट्टी लावलेली असेल तर खान्देशच्या उन्हाळ्यात विशेष जपा. उष्णतेने आणि तापाने पट्टीतलं औषध कातडीतून भराभर आत जातं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, त्या दिवसांत पत्र्याखाली, उन्हाच्या झळीत असा रुग्ण झोपवू नका. पट्टीवर शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. पट्टी कापायची नाही, ७२ तासांनी बदलायची, नवी जागा घ्यायची, जुनी पट्टी चिकट बाजू आत येईल अशी घडी करून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची.

संडास

या विषयावर बोलायला घरात लाज वाटते आणि डॉक्टरही घाईत विचारायचं विसरतात. आमच्या मते घरी सांभाळल्या जाणाऱ्या रुग्णाच्या हालांत याचा वाटा सगळ्यात दुर्लक्षित आहे. मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल सुरू झालं त्याच रात्री जुलाबाची, म्हणजे संडास मोकळी करणारी गोळी सुरू व्हायला हवी: बिसाकोडिल ५ मिग्रॅच्या एक ते दोन गोळ्या झोपताना, लागल्यास सोबत लॅक्टुलोज १५ मिली. मळमळ जशी ओसरते तशी ही बद्धकोष्ठता ओसरत नाही. मॉर्फिन चालू तोवर ही गोळी चालू.

इसबगोल इथे नको. घराघरात ते असतं आणि निरुपद्रवी वाटतं, पण त्याला भरपूर पाणी लागतं आणि हलणारं आतडं लागतं. दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले पाणी पिणाऱ्या, मॉर्फिनवरच्या माणसाच्या आतड्यात इसबगोलचा घट्ट गोळा बसतो.

तीन दिवस संडास झाली नाही की गुदद्वारातून तपासणी हवी. खाली कडक खडा असेल तर ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) किंवा एनिमा, आणि नर्सने हाताने मोकळं करणं. एक फसवा प्रकार लक्षात ठेवा: चार दिवस काही नाही आणि मग एकदम पातळ पाण्यासारखी थोडी थोडी संडास, कपडे खराब. घरचे जुलाब समजून लोपेरामाइड देतात. खरं तर वर खडा बसलेला असतो आणि पातळ भाग बाजूने झिरपतो. जुलाब बंद करण्याची गोळी दिली की खडा आणखी पक्का होतो. गुदाशयाच्या गाठीतही असंच थोडं थोडं आव-रक्त पडतं, म्हणून बोटाने तपासल्याशिवाय ठरवू नये.

आणि जुलाबाची गोळी देण्याआधी एक प्रश्न रोज: वारा सरतोय का? वारा बंद, पोट फुगलेलं, लाटेसारखं दुखणं आणि उलट्या असं एकत्र असेल तर आतडं अडकलेलं असू शकतं, बिसाकोडिल देऊ नका.

उलटी कशी होते ते नीट बघा

एकदम भडभडून मोठी उलटी, त्यात सकाळचं किंवा काल रात्रीचं न पचलेलं अन्न, आणि उलटीनंतर मोकळं वाटणं: जठराचं तोंड दबलंय. थोडं थोडं, दोन तासांनी खायला द्या. जेवणाआधी अर्धा तास मेटोक्लोप्रामाइड १० मिग्रॅ दिवसातून तीनदा उपयोगी पडतं, पण वाट पूर्ण बंद झाली असेल तर त्यानेच पोटात पीळ वाढतो. अशावेळी ते थांबवावं लागतं.

दिवसभर मळमळ, उलटी मात्र थोडीच, अन्नाचा वासही नको: हे बहुधा रक्तातल्या घटकांमुळे, म्हणजे यकृत-किडनी कमजोर होण्यामुळे किंवा नव्याने सुरू झालेल्या मॉर्फिनमुळे. हॅलोपेरिडॉल अर्धा ते दीड मिग्रॅ रात्री, हे इथलं स्वस्त आणि चांगलं औषध. ते मानसिक आजाराचं औषध आहे असं मेडिकलवाल्याने सांगितलं म्हणून घाबरून बंद करू नका, इतक्या लहान डोसात ते उलटीसाठीच दिलेलं असतं. ओन्डान्सेट्रॉन सगळीकडे लिहिलं जातं, पण केमोथेरपीच्या बाहेर त्याचा उपयोग मर्यादित आहे आणि ते संडास आणखी कोरडी करतं.

उलटीला संडासासारखा वास, पोट टम्म, वारा बंद, येऊन-जाऊन पिळवटणं: आतडं अडकलंय. ऑपरेशन शक्य आहे का हे एकदा सर्जनला विचारायलाच हवं. एकाच जागी अडथळा असेल आणि ताकद बरी असेल तर त्याचा फायदा होतो. पोटभर गाठी पसरल्या असतील, पोटात पाणी असेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशन टाळतात आणि तेव्हाही घरी पुष्कळ करता येतं. कातडीखाली लावलेल्या बारीक बटरफ्लाय सुईतून मॉर्फिन, हॅलोपेरिडॉल आणि हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड, दिवसाला ६० ते १२० मिग्रॅ, सोबत काही दिवस डेक्सामेथासोन. परवडलं तर ऑक्ट्रिओटाइड. ते आतड्यातला स्राव कमी करतं आणि उलट्या घटवतं. ही सुई दंडावर किंवा छातीवर बसवून चिकटपट्टी लावली की घरातलं शिकवलेलं माणूस औषध देऊ शकतं. नाकातली नळी सुरुवातीला पोट रिकामं करायला ठीक, पण आठवडेच्या आठवडे ठेवू नये. तोंडाला बर्फाचा खडा, घोट घोट ताक, चघळून टाकायला मोसंबीची फोड चालते. दिवसातून एक-दोन उलट्या राहिल्या तरी दुखणं आणि मळमळ गेलेली असेल, तर रुग्ण ते चालवून घेतो.

खाणं, नळी आणि सलाईन

पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये भूक जाते ती आजाराने. जबरदस्तीने घास भरवल्याने वजन वाढत नाही, फक्त उलटी आणि घरात भांडण होतं. ताट मोठं नको, वाटी पुरे. मऊ खिचडी, भगर, नागलीची आंबील, ताकात कालवलेला मऊ भात, कुस्करलेलं केळं, पातळ वरण. कळण्याची भाकरी दुधात किंवा वरणात पूर्ण विरघळली तरच. जिभेला चव नसते तेव्हा शेवभाजीच्या रश्श्याचा एखादा चमचा मागितला तर द्या. तोंडात फोड किंवा गिळताना जळजळ नसेल तर त्याने काही बिघडत नाही.

तोंड रोज बॅटरीने बघा. जिभेवर, गालात पांढरे थर असतील तर ती बुरशी आहे, विशेषतः डेक्सामेथासोन चालू असताना. तिच्यावर औषध मिळतं आणि खाणं सुधारतं. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दर चार तासांनी चूळ. मिश्री आणि तंबाखू पूर्ण सोडवण्याचा हट्ट या टप्प्यावर धरायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं. फोड असतील तर मात्र ती खरोखर झोंबते.

अन्ननलिकेत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला असेल तर ताठ बसून, घासानंतर घोट पाणी. कच्ची काकडी, मेथीच्या काड्या, मटणाचे तुकडे, कोरडी भाकरी नको. झोपताना डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करा. थुंकीही गिळता येईना झाली तर स्टेंट बंद पडलाय किंवा गाठ वाढलीय. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

नाकातली नळी असेल तर प्रत्येक वेळी आधी नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे का बघा. सरकली असेल किंवा खोकला-घुसमट असेल तर काहीही घालू नका. डोकं ३० ते ४५ अंश उंच, आधी ३० मिली पाणी, मग वस्त्रगाळ केलेलं २०० मिली अन्न हळूहळू पंधरा-वीस मिनिटांत, पुन्हा ३० मिली पाणी. त्यानंतर तासभर आडवं करू नका. केळं आणि नागलीचं पीठ गाळणीतून गेलं तरी नळीत चिकटतं, तेव्हा पातळ करून दोनदा गाळा. नळी तुंबली तर कोमट पाण्याने सिरिंज हलक्या हाताने पुढे-मागे करा, तार घालू नका. बारा तास चालणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या कुटून नळीतून कधीच देऊ नका, बारा तासांचं औषध एकदम सुटतं.

आता सलाईन. ‘एक बाटली लावा, ताकद येईल’ हा आग्रह पाहुण्यांकडून सुरू होतो. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी, साखरेचे पाच-सहा छोटे चमचे. अशक्त रुग्णाच्या अंगात हे पाणी टिकत नाही. ते पायांवर सूज, पोटात पाणी, छातीत घरघर होऊन बसतं. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या, अजून चालत्या-फिरत्या रुग्णाला सलाईन उपयोगी आहे. शेवटच्या आठवड्यांत ते घरच्यांच्या समाधानासाठी लावलं जातं आणि त्रास रुग्ण सोसतो.

पोटातलं पाणी, कावीळ, खाज

पोट ताणलं, दम लागू लागला, बसवेना झालं तर पाणी काढावं. पाणी काढल्याने ताकद जाते म्हणून थांबणं चूक. अशक्त माणसाचं एका वेळी साधारण ४-५ लिटर, हळूहळू, रक्तदाब बघत. ते पुन्हा भरतं, काहींना आठवड्यात, काहींना तीन आठवड्यांत. टोचलेल्या जागेतून पाणी झिरपत राहिलं तर त्यावर स्टोमाची (ऑपरेशनने पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला लावतात ती) पिशवी चिकटवा, कपडे आणि कातडी दोन्ही कोरडी राहतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यकृतात गाठी असल्यास थोड्या चालतात, पोटाच्या पडद्यावर गाठी पसरल्या असतील तर फारशा नाहीत.

पित्ताची वाट बंद झाल्यावरची खाज रात्री वाढते, माणूस रक्त येईपर्यंत खाजवतो. नखं कापा, सुती कपडे, गार पाण्याचा ओला पंचा, अंग ओलसर असतानाच खोबरेल. सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते पण ही खाज फारशी जात नाही. सरट्रालीन, कोलेस्टायरामीन, रिफॅम्पिसिन यांविषयी डॉक्टरांना विचारा. वाट पूर्ण बंद असल्यास कोलेस्टायरामीन उपयोगाचं नाही, तिथे दुर्बिणीतून स्टेंट हा खरा इलाज. काविळीची माळ किंवा झाडपाल्याचं औषध यात वेळ जातो. पोटावर डाग देऊ नका, आधीच पातळ झालेली कातडी चिघळते. कावीळ असताना थंडी वाजून ताप आला, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय.

पिशवी, रक्तस्राव, उचकी

स्टोमाची पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करा. चकतीचं भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं कापा, जास्त मोठं कापलं की कातडी जळते. घामाने चिकट सुटतो, म्हणून उन्हाळ्यात जास्तीच्या पिशव्या हाताशी ठेवा. स्टोमाचा रंग लालसर-गुलाबी हवा, काळपट झाला तर लगेच दाखवा. लहान आतड्याच्या पिशवीतून दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ लागलं, तर साधं पाणी पाजत राहून भागत नाही, ओआरएस हवं.

उचकी बहुधा जठर फुगल्याने येते. थोडं खाणं, बसून राहणं, मेटोक्लोप्रामाइड. न थांबल्यास बॅक्लोफेन ५ मिग्रॅ. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास झाली तर फोन करा. जठराच्या गाठीत मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल तर गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल आणि चादर खाटेजवळ ठेवा. पांढऱ्या कापडावरचं रक्त पाहून रुग्णही घाबरतो आणि मुलंही.

शेवटचे दिवस

गिळणं बंद होतं, माणूस झोपेत राहतो, हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो. तोंडी औषधं बंद, पण दुखण्याचं औषध बंद करायचं नाही. ते कातडीखालच्या सुईतून द्यायचं. ओठांना ओला कापूस, दर दोन तासांनी कूस, घशात घरघर असेल तर एका कुशीवर. घरघर ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, रुग्णाला बहुधा नाही, हे जमलेल्या नातेवाइकांना आधीच सांगा. नाहीतर कोणीतरी १०८ ला फोन करतं आणि माणूस घरी राहू इच्छित असताना रुग्णालयाच्या वाटेवर जातो. शेवट घरी की रुग्णालयात, हे रुग्ण बोलू शकतो तोवर त्यालाच विचारून ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बहुतेकांना आपल्या आजाराचं कळलेलं असतं, घरच्यांनी लपवल्यामुळे ते फक्त बोलत नाहीत.

घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४-अ, घ्या आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करा. उरलेलं मॉर्फिन आणि पट्ट्या घरात ठेवू नका, शेजारच्या दुसऱ्या रुग्णालाही देऊ नका. मोजून, वहीत आकडा लिहून, जिथून आणलं त्या केंद्रात परत द्या.